शिबिर एका दिवसाचं, मंडळी बावन्न रविवारांची

नागपुरात जरीपटक्याकडच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या सेक्रेटरींनी विचारलंय: "आमच्या चर्चमध्ये साधारण ऐंशी कुटुंबं आहेत. दरवर्षी नाताळाआधी आरोग्य शिबिर घेतो, बीपी-शुगर तपासतो, गोळ्या वाटतो. तरी पुढच्या वर्षी तेच लोक, तेच आकडे. काही वडीलधारे म्हणतात, चर्चचं काम प्रार्थनेचं, दवाखान्याचं नाही. मंडळीने आरोग्यासाठी नेमकं काय करावं?"

मी मिशन हॉस्पिटलात परिचारिका म्हणून सुरुवात केली, पुढे वस्त्यांमधल्या आरोग्याचं काम केलं आणि बरीच वर्षं नागपुरातल्या निरनिराळ्या मंडळ्यांसोबत हेच करते आहे. तुमचं दुखणं अगदी बरोबर ठिकाणी आहे. शिबिरात माणूस तपासला जातो आणि तिथेच सुटतो. त्याचा बीपी १६० निघाला हे कागदावर राहतं, कागद पाकिटात राहतो. त्या माणसाला पुढच्या आठवड्यात "गोळी सुरू झाली का?" असं विचारणारं कोणी असेल तरच त्या तपासणीचा उपयोग. दवाखान्याला हे जमत नाही, कारण रोगी परत आला नाही तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीतल्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येणार? तुमच्या चर्चमध्ये मात्र तिसऱ्या बाकावरची काकू दोन रविवार दिसली नाही तर दहा जण विचारतात. मंडळीची खरी ताकद इथे आहे आणि सगळं काम तिच्यावरच उभं करायला हवं.

आधी वडीलधाऱ्यांचा मुद्दा घेते, कारण त्यांना बाजूला सारून हे काम कुठेच टिकलेलं मी पाहिलेलं नाही. प्रार्थना हे मंडळीचं काम आहेच. आजाऱ्याच्या खाटेशी बसून केलेल्या प्रार्थनेने माणसाला केवढा धीर येतो हे मी रात्रपाळीत कितीदा पाहिलंय. पण बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला शोमरोनी आठवा, ज्याला वाटेत लुटारूंनी जखमी केलेला अनोळखी माणूस भेटला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं, पैसे दिले आणि निघताना सांगितलं की परत येईन तेव्हा जास्तीचा खर्चही देईन. परत येण्याचं ते वचन मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या शिबिरात नेमकं तेच नसतं.

आणि हे आपल्या परंपरेबाहेरचंही नाही. स्कॉटिश मिशनने सीताबर्डीवर मुर मेमोरियल हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकात उभं केलं. ख्रिस्ती वैद्यकीय मंडळींची देशव्यापी संघटना १९०५ पासून आहे. मात्र या मोठ्या हॉस्पिटलांमुळे एक सवयही लागली. आजार म्हणजे हॉस्पिटलचं काम, मंडळीने फक्त दानपेटीत पैसे टाकायचे. १९६४ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगनला जगभरातले ख्रिस्ती डॉक्टर आणि धर्मशास्त्रज्ञ एकत्र बसले, तेव्हा त्यांनी हीच समजूत खोडली आणि बरं करण्याची सेवा पहिल्यांदा मंडळीची आहे असं मांडलं. त्यातूनच पुढे १९६८ साली जागतिक चर्च परिषदेचा वैद्यकीय आयोग निघाला. आपल्या महाराष्ट्रात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला जे काम सुरू केलं, ते याच विचाराचं. त्यांनी गावातल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायांना शिकवलं. त्या बाया घरोघर जाऊन गरोदर बाई, तापाचं लेकरू, कुष्ठरोगी सगळ्यांकडे बघू लागल्या. त्या कामाचा दाखला पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही दिला. जामखेडच्या गावात जे निरक्षर बाईला जमलं ते ऐंशी शिकल्यासवरल्या कुटुंबांच्या मंडळीला जमणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही.

आता कामाला कोण लागेल? तुमच्या बाकांवर बघा. नागपुरातल्या ख्रिस्ती घरांत नर्सिंगची परंपरा जुनी आहे. मेयो, मेडिकल, डागा, रेल्वे हॉस्पिटल इथून रिटायर झालेल्या सिस्टर प्रत्येक मंडळीत दोन-चार तरी निघतात. त्या घरी नातवंडं सांभाळत असतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. अमेरिकेत ग्रेंजर वेस्टबर्ग नावाच्या लुथरन पाळकाने १९८० च्या दशकात शिकागोजवळ मंडळीतच परिचारिका नेमण्याची पद्धत सुरू केली, ती पुढे कितीतरी देशांत गेली. तिथली परिचारिका सुया टोचत नाही, औषधं देत नाही. ती विचारपूस करते, समजावते, योग्य डॉक्टरकडे पोचवते आणि परत चौकशी करते. तुमच्याकडे हेच करा. दोन रिटायर्ड सिस्टर, एक तरुण मुलगा आणि एक मुलगी फोन व नोंदींसाठी. पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांना समोर बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, म्हणजे वडील मंडळींनाही हे चर्चचंच काम वाटेल.

गोळ्या वाटणं मात्र बंद करा. पाच दिवसांची बीपीची गोळी देऊन कोणाचंही भलं होत नाही. संपली की माणूस समजतो, कोर्स झाला.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या रविवारी उपासनेनंतर बीपी मोजा. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र पुरतं, मनगटाचं घेऊ नका. माणूस पायऱ्या चढून आला, चहा घेतला आणि बोलत बोलत हात पुढे केला, तर तो आकडा खोटा. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, नाहीतर बीपी उगाच जास्त दिसतो. १४०/९० च्या वर असेल तर घाबरवू नका, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा आणि तरीही तसंच असेल तर डॉक्टरकडे. १८०/१२० च्या आसपास असेल आणि छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, हातापायात कमजोरी यातलं काहीही असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये ३५ टक्क्यांहून जास्त लोकांचा बीपी वाढलेला निघाला आणि मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर. म्हणजे तुमच्या प्रत्येक बाकावर कोणी ना कोणी आहे.

वहीत रकाने थोडेच ठेवा: नाव, आकडा, कोणत्या दवाखान्यात जातात, औषध चालू आहे का, पुढची चौकशी कोण करणार. शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. ही वही सिस्टरच्या घरी कुलपात राहील, चर्चच्या ऑफिसात नाही. कमिटीच्या सभासदालाही ती बघायचा हक्क नाही.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. आपल्याकडे व्यासपीठावरून प्रार्थनेच्या विनंत्या वाचल्या जातात: अमुक भगिनीला कॅन्सर आहे, तमुक भावाच्या मुलाला टीबी झाला. हेतू प्रेमाचा असतो. पण त्या मुलीचं लग्न ठरत असतं, त्या मुलाच्या नोकरीचं चाललेलं असतं, आणि पुढच्या रविवारी ते कुटुंब चर्चला येणंच बंद करतं. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय सांगता येत नाही. बाकी आजारांनाही हाच नियम लावा. त्या माणसाने स्वतः "नाव आणि आजार सांगा" म्हटलं तरच सांगायचं. नाहीतर "आपल्यातल्या एका कुटुंबासाठी" एवढं पुरे, देवाला पत्ता माहीत आहे. लोकांचा हा विश्वास बसला नाही तर तुमचं बाकीचं काम कितीही चांगलं असो, खरं दुखणं तुमच्यापर्यंत येणारच नाही.

नागपुरात राहून सिकलसेलबद्दल, म्हणजे आई-बाबांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल, न बोलणारी मंडळी आपल्या लेकरांवर अन्याय करते, असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भात हा आजार बराच आढळतो आणि धर्म बदलल्याने रक्त बदलत नाही. आई आणि बाबा दोघंही वाहक, म्हणजे हा दोष अंगात बाळगणारे, असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता असते की बाळाला पूर्ण आजार होईल: हाडं फोडून काढणाऱ्या वेदना, वारंवार रक्त चढवणं, जंतुसंसर्ग. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला कळतच नाही. तपासणी सोपी आहे. सरकारी रुग्णालयांत आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, तिच्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने नक्की होतं. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

चर्चकडे यासाठी जी संधी आहे ती कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही. लग्न आपल्याकडे पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटल्याशिवाय लागत नाही. लग्नाआधी समुपदेशन होतं, तीन रविवार घोषणा वाचली जाते. पण घोषणेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तोवर साखरपुडा झालेला असतो, हॉल बुक झालेला असतो आणि कोणीही मागे हटणार नाही. तपासणीची जागा दृढीकरणाच्या वर्गात, म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करण्याआधी जी शिकवण देतात तिथे, आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना त्या वर्गातच आई-बाबांच्या संमतीने तपासून घ्या आणि निकाल फक्त त्यांच्या घरच्यांना सांगा. मग स्थळ बघताना घरचे स्वतःच विचारतील. दोघं वाहक असूनही लग्न करायचं म्हणत असतील तर पाळकाने अडवू नये. समजावून सांगावं, तज्ज्ञाकडे पाठवावं आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यावा. गर्भपाताबद्दल आपल्या बऱ्याच मंडळ्यांची, विशेषतः कॅथलिक कुटुंबांची, भूमिका ठाम आहे. अशा घरांत गर्भ राहिल्यानंतर निदान झालं तर केवढं ओझं पडतं हे मी जवळून पाहिलंय. लग्न ठरण्याआधी कळणं हीच त्यांच्यासाठी खरी मदत आहे.

मंडळीत सिकलसेलचं लेकरू असेलच तर त्या घराला रक्तदात्यांची यादी द्या. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, रक्तपेढ्या रिकाम्या होतात. पुरुष तीन महिन्यांनी आणि बाई चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते, त्या हिशोबाने तरुण संघाने आपले दाते वर्षभर वाटून ठेवावेत. सगळ्यांनी गुड फ्रायडेलाच रक्त दिलं तर ऑगस्टात कोण देणार?

दुसरा आपल्या मातीतला शत्रू खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो आणि आपल्या चर्चच्या फाटकाबाहेर उपासना सुटल्यावर कोण काय खातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण खर्रा हातोहात बनतो. त्यातल्या नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे "तंबाखू कमी टाक" म्हणणाऱ्यांना सांगायला हवं. दारूवर आपल्याकडे प्रवचन होतं, खर्र्यावर होत नाही, कारण त्याने घरात मारहाण होत नाही. पण जबडा हळूहळू आवळत जातो. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघायचं. जात नसतील, तिखट सोसत नसेल, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दुसऱ्याच दिवशी दाखवायचं. मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. एका रविवारी दंतवैद्याला बोलावून सगळ्यांची तोंडं बघून घ्या, आधी वडील मंडळाची. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आणि एकट्याने सोडायला सांगू नका. दोघा-तिघांनी एकत्र सोडायचं आणि रोज रात्री एकमेकांना फोन करायचा. घरगुती प्रार्थनासभेचे गट आहेतच, त्यांच्यातूनच जोड्या लावा.

उपवास-प्रार्थनेबद्दल पाळकांनी स्पष्ट बोलायला हवं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या काळात, शुक्रवारच्या उपवासाला, मधुमेही आजी गोळी घेऊन दिवसभर निरंकार राहतात आणि संध्याकाळी घाम फुटून पडतात. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशी राहणं जिवावरचं आहे. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडायचा, साखरपाणी घ्यायचं. गोळी आपल्या मनाने बंद करणं हाही मार्ग नाही, डॉक्टरांना आधी विचारायचं. कॅथलिक नियमातही उपवासाचं बंधन १८ ते ५९ वयापुरतं आहे आणि आजाऱ्याला त्यातून सूट आहे. हे सिस्टरने सांगितलं तर आजी ऐकत नाहीत. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं की ऐकतात. "प्रार्थनेने बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली" हेही तितक्याच ठामपणे थांबवायला हवं, विशेषतः टीबी, फिट्स आणि मानसिक आजाराच्या औषधांबाबत. ज्यांना मनाचा त्रास आहे त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा नंबर द्या. तो सरकारी आहे, मोफत आहे. उदासी म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणालाही म्हणू देऊ नका.

टीबीच्या बाबतीत मंडळी काय करू शकते याला आता चांगला पुरावा आहे. झारखंडमध्ये झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना पुरेसं धान्य, डाळ, पोषण दिलं, तर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. औषधाने नाही, जेवणाने. सरकारच्या निक्षय मित्र योजनेत कोणतीही संस्था रुग्णाला पोषणाची टोपली देण्याची जबाबदारी घेऊ शकते, चर्चसुद्धा. कापणीच्या सणाला आपल्याकडे तांदूळ, डाळ, भोपळे वेदीपुढे येतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. त्यातला एक वाटा या टोपलीला द्या.

ही टोपली मंडळीपुरती ठेवू नका. चर्चच्या भिंतीला लागून जी वस्ती आहे, तिथला रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याला द्या. सोबत पत्रक नको, "रविवारी या" असं आमंत्रणही नको. आजारी आणि गरजू माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून अशा वेळी त्याला काहीच मागू नये. शोमरोन्याने त्या जखमी माणसाचं नावगाव विचारल्याचं वचनात कुठे आहे?

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो आणि आपण नेमकी तेव्हाच मुलांची सुट्टीतली बायबल शाळा पत्र्याच्या हॉलमध्ये घेतो. ती सकाळी सातला सुरू करून साडेनऊला सोडा. उपासनाही लवकर घ्या, माठ भरलेले ठेवा, ओआरएसची पाकिटं ठेवा आणि एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून पंखा लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. प्रीतिभोजन बंद करू नका, लोक त्यासाठी येतात आणि एकत्र जेवणं हीसुद्धा तब्येतच आहे. फक्त बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवा आणि समोशासोबत हिवाळ्यात संत्री ठेवा.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे मात्र वेळ द्या. मुलं पुण्याला, दुबईला. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी जातात तेव्हा महिन्यातून एकदा सिस्टरने सोबत जावं. पिशवीतली सगळी औषधं खाटेवर काढून बघावी. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिलेलं किती वेळा सापडतं! औषधं आपण कमी करू नका, बदलू नका, यादी लिहून त्यांच्या डॉक्टरकडे न्या. मधुमेह असेल तर पायाचे तळवे बघा, बोटांच्या मधेही. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री दिवा आहे का बघा. खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं रोज दहा वेळा करायला शिकवा, मांड्यांत ताकद राहिली की पडणं कमी होतं.

उपासनेला नियमित जाण्याचा शरीरावर काही परिणाम होतो का, हेही तुमचे वडीलधारे विचारतील. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ७४ हजारांहून जास्त परिचारिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या बायांमध्ये सोळा वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. त्या अमेरिकन बाया, आणि असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, म्हणून हा आकडा बॅनरवर छापू नका. पण कमी धूम्रपान, कमी नैराश्य आणि माणसांचा आधार या गोष्टी त्यामागे दिसल्या, आणि आपल्याला काम करायचंय ते यांच्यावरच.

एकदम सगळं हाती घेऊ नका. या महिन्यात सिस्टर शोधा आणि पाळकसाहेबांशी बोला. पुढच्या महिन्यात बीपीचा रविवार सुरू करा, तीन महिने फक्त तोच चालवा. वहीतला शेवटचा रकाना भरतोय असं दिसलं की मग दृढीकरणाचा वर्ग आणि सिकलसेल. नाताळाआधीचं शिबिर तोवर येईलच. त्या दिवशी आलेल्या डॉक्टरांपुढे नवी रांग लावू नका. वहीतले जे लोक अजून दवाखान्यात गेलेले नाहीत, त्यांनाच आधी बसवा, आणि सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड व आधार सोबत आणायला सांगा, म्हणजे ज्याला पुढे भरती करावं लागेल त्याची धावपळ वाचेल.